विमानवाल्या मगदुमांचं मत

भूपाल मगदूम जेवायला बसले की राजमतीबाई आमटी कशी झालीय हे कधी विचारायच्या नाहीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एकदा विचारलं होतं. तेव्हा नवरा म्हणाला, "अजून दोनच घास झालेत. इतक्यात काय सांगणार?" पुढं ताट रिकामं झालं, हात धुऊन झाले, सुपारीसुद्धा खाऊन झाली, पण उत्तर काही आलं नाही. दुसरी कुणी असती तर रुसून माहेरी गेली असती. राजमतीबाईंनी माणूस ओळखला आणि तो विषय कायमचा सोडून दिला.

हे मगदूम म्हणजे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. रुईकर कॉलनीत त्यांचं घर विचारलं तर नुसत्या मगदुमांना कुणी ओळखायचं नाही. विमानवाले मगदूम म्हटलं की पानपट्टीवालासुद्धा गल्ली दाखवायचा. मूळ घर कुरुंदवाडचं, जैन शेतकऱ्याचं. पावसाळ्यात किडामुंगी पायाखाली येईल म्हणून खाली बघून चालणारी माणसं. त्या घरात लढाऊ विमानाचा वैमानिक कसा काय निपजला यावर भावकीत अजून एकमत झालेलं नाही.

त्यातही साधा वैमानिक नव्हे, चाचणी वैमानिक. म्हणजे काय, तर नवं किंवा दुरुस्त केलेलं विमान इतरांच्या हाती जायच्या आधी हा माणूस एकटा ते वर घेऊन जाणार. तिथं त्याला हलवून, वाकवून, उलटंपालटं करून बघणार. कुठवर दम धरतंय, कुठं रुसतंय, सगळं अजमावणार. आणि खाली उतरून मत देणार, की योग्य किंवा अयोग्य. त्याच्या त्या एका शब्दावर पुढं दुसऱ्यांचे जीव टांगलेले असतात.

बंगळूरला असताना एकदा त्यांनी असंच एक विमान उतरवलं. दिवस मावळायला आला होता, सगळे घरी जायच्या गडबडीत होते. मगदूम म्हणाले, "चांगलं आहे. मला तरी काही खटकलं नाही." दुसऱ्या दिवशी एक तरुण वैमानिक तेच विमान घेऊन वर गेला आणि उतरताना ते त्याच्या हातातून गेलं. पोरानं वेळेवर उडी मारली म्हणून वाचला, पण पाठ अशी मोडली की परत विमानात बसणं नशिबात राहिलं नाही. चौकशीत मगदुमांना कुणी बोल लावला नाही. त्यांनी मात्र स्वतःला लावून घेतला आणि आकडा हातात असल्याशिवाय कशालाही चांगलं म्हणायचं नाही असं ठरवून टाकलं. विमानाच्या बाबतीत हे शहाणपणच होतं म्हणा. पण हा भला माणूस तोच नेम घरी घेऊन आला आणि बायकोच्या आमटीपासून पोरीच्या चित्रापर्यंत सगळ्याला लावून बसला. आता ह्याला काय म्हणावं?

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बंगळूरच्याच एका संस्थेशी त्यांचा संबंध आला. तिथली तरुण मंडळी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करत होती. मगदुमांना आधी ती सगळी भोंदूगिरी वाटली. मग एकानं त्यांना नीट समजावलं. संगणकाला नियम सांगत बसायचे नाहीत, नुसती उदाहरणं दाखवत राहायची. बरोबर काय हे पुष्कळदा दाखवलं की तो आपलं आपण ओळखायला शिकतो.

"म्हणजे त्याचं मत तयार होतं?" मगदुमांनी विचारलं.

"होतं सर. आणि ते तो आकड्यात सांगतो."

झालं. मगदूम त्या दिवसापासून संगणकाच्या प्रेमातच पडले.

ब्याण्णव साली निवृत्त होऊन ते कोल्हापूरला आले ते हेच खूळ डोक्यात घेऊन. संस्थेनं काम दिलं होतं: उमेदवाराचा हात वैमानिकाचा आहे का नाही, हे आधीच सांगणारं यंत्र. घराच्या माडीवर संगणक आला. विमानाची दांडी आणि पायाखालच्या पट्ट्या उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रीनं लेथवर करून दिल्या. ज्ञानूनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "सायेब, ह्ये हाय तरी कशाचं?"

"विमानाचं."

"मग पंखं कुणाकडं टाकलायसा करायला?" ज्ञानू म्हणाला. मगदुमांना हसू आलं नाही, पण काम मात्र झकास झालं होतं.

पडद्यावर नुसत्या रेघांची धावपट्टी दिसायची आणि दांडी हलवून विमान तिच्यावर उतरवायचं. वर्षभर मगदूम रोज सकाळी आंघोळ, देवदर्शन आटोपून माडीवर जायचे आणि विमान उतरवत बसायचे. यंत्र त्यांच्या हाताकडं बघून शिकत होतं. उत्तम हात कसा असतो हे दाखवायला चाचणी वैमानिकापेक्षा कोण चांगला, असा साधा हिशेब होता. मगदुमांचा, संस्थेचा, सगळ्यांचाच. त्यांचा हात एक क्षण स्वस्थ नसायचा. जरा पुढं, जरा मागं, डावीकडं टोचून बघ, उजवीकडं दाबून बघ. विमान काय उत्तर देतंय हे सारखं विचारत राहायचं, ही जन्माची सवय. हळूहळू यंत्र गुण द्यायला लागलं. मगदूम बसले की नव्वदच्या पुढं. कॉलनीतली पोरं बसली की दहा, बारा. गणपतीच्या सुट्टीत तर जिन्यावर रांग लागायची, आणि नापास झालेली पोरं हसत हसत खाली पळायची.

आणि नेमकी त्याच सुमाराला हवाई दलात मुली वैमानिक झाल्याची बातमी आली. चौऱ्याण्णव संपत आलं होतं. त्या मुलींचा फोटो पेपरात आला आणि मगदुमांच्या एकुलत्या एका पोरीनं, आदितीनं, तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. ती तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. गणितात हुशार, बोलायला कमी. बापावरच गेलेली म्हणा ना. तिनं कुणाला न सांगता अर्ज भरला आणि पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला म्हैसूरहून निवडीसाठी बोलावणं आलं.

राजमतीबाईंनी पेढे वाटायला काढले. मगदुमांनाही आनंद झाला होता. पण तोंडावर काय आलं? तर, "वैमानिकाच्या हाताची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालीस तर तो शिक्का कायमचा. परत दार उघडत नाही. आधी घरी बघू."

"बघायचं काय त्यात? जाऊ दे की तिला," राजमतीबाई म्हणाल्या.

पण आदितीला बापाचं म्हणणं पटलं. तिला उलट बरंच वाटलं. इतकी वर्षं विमानं तपासणारा बाप आज आपल्याला तपासणार, यात तिला मान वाटला.

दुपारची वेळ होती. आदिती दांडी धरून बसली आणि मगदूम तिच्या मागं, हाताची घडी घालून उभे राहिले. पोरीनं विमान वळवलं, धावपट्टीच्या रेषेत आणलं आणि हात सैल सोडला. नुसतं बघत राहिली. विमान जरा ढळणार असं दिसलं की ते ढळायच्या आधीच बोटभर दांडी हलायची आणि परत हात शांत. चाकं टेकली तेव्हा मगदुमांच्या तोंडातून शाबास निघणारच होतं. इतकं अलगद उतरवणं त्यांना स्वतःला तिच्या वयात जमलं नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर आकडा आला. अडतीस.

"परत कर," ते म्हणाले.

आदितीनं परत केलं. तेवढंच सुरेख. एक्केचाळीस. तिसऱ्यांदा केलं. छत्तीस.

वैमानिक व्हायला निदान सत्तर तरी हवेत असं त्यांनीच ठरवलेलं. मगदूम त्या आकड्याकडं बघत राहिले. डोळे सांगत होते एक आणि यंत्र सांगत होतं दुसरं. त्यांनी मनाशी म्हटलं, आपली पोर आहे म्हणून आपल्याला चांगलं दिसतंय. बापाच्या डोळ्यांवर कसला भरवसा ठेवायचा? एकदा असाच विश्वास ठेवला होता तर एका पोराची पाठ मोडली. आता स्वतःच्या पोरीला त्याच वाटेनं पाठवू?

आदिती मागं वळली. "आप्पा, तुम्ही काय म्हणता?"

"मशीन काय म्हणतंय ते बघितलंस की तू," मगदूम म्हणाले.

ती थोडा वेळ त्यांच्याकडं बघत थांबली. ते पुढं काही बोलले नाहीत. मग ती उठली, पंख्याचं बटण बंद केलं आणि जिना उतरून खाली गेली. म्हैसूरचं तिकीट काढलेलं होतं, बॅगही भरून झाली होती. राजमतीबाईंनी चार दिवस वाट बघितली आणि मग स्वतःच बॅगेतले कपडे काढून घड्या घातल्या. म्हैसूरची तारीख निघून गेली. कपाटावरचा फोटो कधी निघाला ते मगदुमांना कळलंही नाही.

पोर काही रडतकुढत बसली नाही. गणितात एमएस्सी केलं, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली. शाहूपुरीत पंपांचं दुकान असलेल्या सम्मेद चौगुलेशी तिचं लग्न झालं. चांगला मुलगा, घरही चांगलं. बापाशी बोलणं होतं, सणावाराला येणंजाणं होतं. माडीवर मात्र ती पुन्हा कधी चढली नाही. मगदुमांना ते दिसायचं. आपण पोरीला जन्माच्या शिक्क्यापासून वाचवलं, असं ते स्वतःला सांगायचे. रोज सांगावं लागायचं, यावरूनच काय ते समजा.

पुढं संस्थेनं ते काम गुंडाळलं. तोवर घरोघरी संगणक आले, आणि मगदुमांचं यंत्र जुनं झालं. तरी ते रोज धूळ पुसायचे, आणि आला-गेला पाहुणा विचारायला लागला तर दाखवायचे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात सयाजी इंगवले आले. मगदुमांचा हवाई दलातला जुना दोस्त, मूळचा राधानगरीकडचा. मोठी मालवाहू विमानं लडाखपासून अंदमानपर्यंत ने-आण करण्यात त्याचा जन्म गेलेला. बर्फात, वादळात, कुठं कुठं म्हणून ह्या माणसानं विमान उतरवलं नव्हतं, आणि एका चाकालाही कधी धक्का लागला नव्हता. हवाई दलात त्याच्या हाताचं नाव होतं. चहा झाला, गप्पा झाल्या आणि सयाजीराव म्हणाले, "दाखव बघू तो तुझा माडीवरचा मास्तर. आम्हालाबी तपासू दे."

दोघं माडीवर गेले. सयाजीराव बसले, विमान रेषेत आणलं आणि हात सैल सोडून बघत राहिले. मधेच बोटभर दांडी हलली, परत शांत. चाकं टेकली. पडद्यावर आकडा आला. चौतीस.

सयाजीराव खदाखदा हसले. "भूपाल, लेका, माझी पेन्शन बंद करतंय हे!"

मगदूम हसले नाहीत. तो हात त्यांनी आधी बघितला होता. नऊ वर्षांपूर्वी, ह्याच खुर्चीवर.

"परत कर," ते म्हणाले.

सयाजीरावांनी परत केलं, आणखी दोनदा केलं. एकदाही चाळिशी गाठली नाही. मग तेही जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "तू बस बघू. पण नीट उतरवू नकोस. मुद्दाम पाड."

मगदूम बसले. हात आपल्या नेहमीच्या सवयीनं चालू ठेवला, जरा पुढं, जरा मागं, टोच, दाब, आणि विमान नेऊन धावपट्टीच्या अलीकडं जमिनीवर आदळलं. यंत्रानं गुण दिले, ब्याऐंशी.

"हे हात ओळखतंय रे, पण फक्त तुझा," सयाजीराव म्हणाले. "तू विमान तपासत उडवतोस. जन्मभर तेच केलंस. आम्ही नुसतं उडवतो. तुझ्यासारखी खुटखूट केली की पास, मग विमान शेतात गेलं तरी हरकत न्हाय." मग त्यांनी सहज विचारलं, "कुणाला नापासबिपास केलं न्हाईस न्हवं ह्याच्यावर?"

मगदुमांनी संगणकाचं बटण बंद केलं. संस्थेनं तर ते कधी वापरलंच नव्हतं. कॉलनीतली पोरं खेळायला यायची, त्यांचं काय जाणार? साऱ्या जगात त्या यंत्रानं खऱ्या अर्थानं एकाच माणसाला नापास केलं होतं. सयाजीराव गेल्यावर ते खाली आले आणि भिंतीला टेकून बसले. पोरगी तिशीची झाली होती. हवाई दलाचं दार कधीच बंद झालं होतं, आणि ते लावणारा हात आपला, ह्या विचारानं त्यांना भडभडून आलं.

राजमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग हाय? तिला सांगा जावा."

जावा म्हणणं सोपं होतं. उन्हाळा गेला, पाऊस आला, पंचगंगेचं पाणी चढलं आणि उतरलं, तरी मगदुमांचा पाय शाहूपुरीतल्या पोरीच्या घराकडं वळेना. दोनदा रिक्षात बसून ते अर्ध्या वाटेतून परत फिरले. लढाऊ विमानात उलटं लोंबकळताना न घाबरलेला माणूस! पण पोरीसमोर उभं राहायला घाबरत होता.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी लहान मोठ्यांची आणि मोठे लहानांची क्षमा मागतात. कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी, एवढं हात जोडून म्हणायचं. सगळेच सगळ्यांना म्हणतात, त्यामुळं नेमकं काय दुखावलं होतं हे कुणी कुणाला विचारत नाही. मगदूम आणि आदितीही दरवर्षी एकमेकांना म्हणायचे आणि चहा घ्यायचे. यंदा मगदूम मंदिरातून तडक तिच्या घरी गेले. सम्मेद दुकानातून यायचा होता. आदिती एकटीच होती.

"आप्पा, क्षमा असावी," तिनं वाकून नमस्कार केला.

"थांब," मगदूम म्हणाले. "आज मला नेमकं बोलायचंय." आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सयाजीरावांचे चौतीस, स्वतःचे ब्याऐंशी, शेतात आपटलेलं विमान. यंत्राला आपण एकट्याचाच हात कसा शिकवला, तेही. "ते चुकलं, आदिती. मशीन चुकलं होतं. तू नापास नव्हतीस. त्याची क्षमा मागायला आलोय मी."

आदितीनं त्यांना खुर्ची दिली. तिचा चेहरा काही बदलला नाही.

"मशीनचं मला माहीत होतं, आप्पा."

"माहीत होतं? कसं काय?"

"कसं म्हणजे? विमान उतरत होतं की नीट. मला समोर दिसत नव्हतं का? तीनदा उतरवलं. आकडा काहीतरी भलताच सांगतोय हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग म्हैसूरला का गेली नाहीस?"

"मी मशीनला विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही माझ्या मागं उभे होता, हातभर अंतरावर. सगळा हात बघितलात आणि गप्प बसलात. मला वाटलं, विमान उतरलं तरी ह्यांना काहीतरी वाईट दिसलंय. मला कळत नाही असं काहीतरी. आणि पोरीला तोंडावर कसं सांगायचं म्हणून मशीनवर ढकलताहेत. तुम्हालाच जर हात वाईट दिसला, तर मी म्हैसूरला जाऊन काय करणार होते?"

"वाईट नव्हता," मगदूम म्हणाले. "फार चांगला होता हात तुझा. मला तेव्हाच दिसलं होतं ते."

आदितीनं वर बघितलं. "तेव्हाच?"

"हो."

"आकडा यायच्या आधी?"

"आधीच. पहिल्यांदा चाकं टेकली तेव्हाच."

इतका वेळ शांत असलेला तिचा चेहरा आता बदलला. नऊ वर्षं ती एका गोष्टीवर निभावून होती. बापाला हात पटला नाही, आणि बाप म्हणजे विमानातला जाणता माणूस, तेव्हा झालं ते बरंच झालं. तेवढ्यावर तिनं त्यांना केव्हाच माफ करून टाकलं होतं. मगदुमांना हे आत्ता, तिच्याकडं बघताना कळलं, आणि बोललेला शब्द परत घ्यायची काही सोय नव्हती.

बाहेर ऊन उतरत चाललं होतं. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं व्हायला हवी होती. आदितीनं डोळे पुसले आणि ती उठली.

"मग तुम्ही मशीनचंच सांगून गेला असता तर बरं झालं असतं, आप्पा," ती म्हणाली आणि त्यांचं ताट वाढायला आत गेली.